भुयाराच्या तोंडाशी थांबलेला घोडा : फँटसी भूमिकाखेळांतील स्वारीच्या जनावराच्या स्थानाची चिकित्सा

सारांश

फँटसी प्रकारातील रोल-प्लेइंग खेळांत घोडा, तट्टू, खेचर यांसारखी स्वारीची जनावरे पहिल्यापासून आढळतात. मात्र या खेळांचे केंद्र असलेल्या भुयारात त्यांना सहसा प्रवेश मिळत नाही. प्रस्तुत शोधनिबंधात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या खेळाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांतील नियम, त्यामागील साहित्यिक परंपरा आणि नंतरचे काही संगणकीय खेळ यांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. घोड्याला भुयारात नेण्याची अडचण सोडवताना खेळरचनाकारांनी घोड्याचे अस्तित्वच टप्प्याटप्प्याने विरळ केले आणि त्यामुळे खेळातील एक महत्त्वाचा नैतिक प्रसंग हरवला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : भूमिकाखेळ, भुयार, स्वारीचे जनावर, नियमसंहिता, उत्तरदायित्व.

१. प्रस्तावना

मराठीत एखादे काम नेमके कोठे थांबले हे विचारताना 'घोडे कुठे अडले?' असे म्हटले जाते. फँटसी भूमिकाखेळांच्या बाबतीत हा वाक्प्रचार शब्दशः खरा ठरतो. खेळाडूंची तुकडी गावातून निघते, घोड्यांवरून रानावनातून वाट काढते, पडक्या किल्ल्यापाशी किंवा डोंगरातील विवरापाशी पोहोचते आणि तेथे घोडे अडते. पुढे जिने आहेत, अरुंद बोळ आहेत, दोरावरून उतरायचे खड्डे आहेत. आत किती काळ जाईल हे कोणालाच ठाऊक नाही. मग घोड्यांचे काय करायचे?

हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. खेळाच्या मेजावर तो बहुधा दोन वाक्यांत निकालात निघतो : घोडे झाडाला बांधले, आता आत जाऊ या. परंतु अशा किरकोळ प्रश्नांतूनच एखाद्या रचनेची गृहीतके उघडी पडतात. ज्या जनावराने आपल्याला येथवर आणले त्याला अंधारात न्यावे की लांडग्यांच्या रानात बांधून ठेवावे, हा निर्णय घेताना खेळाडूला त्या जनावराचे आपल्या लेखी स्थान काय आहे, हे ठरवावे लागते. नियमांचे पुस्तकही त्याच क्षणी आपली भूमिका उघड करते. म्हणून हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत येतो.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) भूमिकाखेळांत घोडा भुयाराबाहेर का राहिला याची ऐतिहासिक कारणे शोधणे.
२) नियमसंहितांनी या अडचणीवर सुचविलेल्या उपायांचे स्वरूप तपासणे.
३) या उपायांचा खेळाडू आणि जनावर यांच्यातील नात्यावर झालेला परिणाम स्पष्ट करणे.

अभ्यासाची व्याप्ती मुख्यतः 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळापुरती मर्यादित आहे. संगणकीय खेळांचा विचार तुलनेपुरता केला आहे. नियमांच्या पुस्तकांकडे येथे संहिता म्हणून पाहिले आहे. नियम केवळ काय करता येते एवढेच सांगत नाहीत. कोणत्या गोष्टीची दखल घ्यावी आणि कोणती दुर्लक्षित करावी हेही ते ठरवीत असतात.

३. संज्ञांचे स्पष्टीकरण

'रोल-प्लेइंग गेम' या संज्ञेसाठी या निबंधात 'भूमिकाखेळ' हा शब्द वापरला आहे. 'डंजन' या शब्दाचा इतिहास लक्षणीय आहे. तो फ्रेंच 'दाँझाँ' या शब्दावरून आला असून त्याचा मूळ अर्थ किल्ल्यातील मुख्य बुरूज असा होता. पुढे इंग्रजीत त्याला तळघरातील कैदखान्याचा अर्थ चिकटला. भूमिकाखेळांत मात्र गुहा, थडगी, पडक्या गढ्यांची तळघरे, खाणी अशा कोणत्याही बंदिस्त आणि धोकादायक जागेला डंजन म्हणतात. मराठी 'अंधारकोठडी' या शब्दात कैदेचा अर्थ प्रधान असल्याने येथे 'भुयार' हा अधिक व्यापक शब्द योजला आहे.

'माउंट' या संज्ञेला 'वाहन' हा प्रतिशब्द सुचतो. परंतु आज त्यातून मोटारगाडीचा आणि परंपरेने देवतेच्या वाहनाचा बोध होतो. देवतेच्या वाहनाची कल्पना येथे नेमकी उलट दिशेने जाणारी आहे. शिवालयातील नंदी गाभाऱ्याबाहेर असला, तरी त्याचे तोंड गाभाऱ्याकडे असते आणि दर्शनाला येणारा प्रथम त्याला स्पर्श करतो. बाहेर असणे म्हणजे विस्मृत होणे, असा अर्थ तेथे नाही. भूमिकाखेळांतील बाहेर राहिलेल्या घोड्याला असे स्थान लाभलेले नाही. म्हणून येथे 'स्वारीचे जनावर' असा साधा शब्दप्रयोग केला आहे.

४. मैदानातून भुयारात : ऐतिहासिक पार्श्वभूमी

भूमिकाखेळांचा उगम युद्धखेळांत आहे आणि युद्धखेळांची वंशरेषा बुद्धिबळाशी जोडलेली आहे. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील योहान ख्रिस्तियान लुडविग हेल्विग याने १७८० मध्ये बुद्धिबळाच्या आधारे एक विस्तृत युद्धखेळ प्रसिद्ध केला. पुढे १८२४ मध्ये प्रशियात राइसविट्झ याचा 'क्रीगश्पील' हा खेळ सैनिकी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला गेला. बुद्धिबळाचे मूळ असलेल्या भारतीय चतुरंगात अश्वदळ हे सेनेच्या चार अंगांपैकी एक होते. अर्थात, या परंपरेत घोडा आरंभापासून आहे आणि तोही पटाच्या मध्यवर्ती भागात मोकळेपणाने वावरणारा आहे.

अमेरिकेत १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक प्रसिद्ध केले. त्यात पायदळाबरोबर हलके, मध्यम आणि जड घोडदळ असे स्पष्ट वर्ग होते. त्याच सुमारास डेव्ह अर्नेसन याने 'ब्लॅकमूर' या आपल्या काल्पनिक प्रदेशातील खेळात खेळाडूंना सेनेऐवजी एकेक व्यक्ती दिली आणि त्यांना किल्ल्याखालच्या भुयारात उतरवले. या दोन प्रवाहांच्या संयोगातून १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' अवतरला. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा येथील टीएसआर या संस्थेने त्याची पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची काढली.

या पहिल्या संचात तीन पुस्तिका होत्या. त्यांतील तिसऱ्या पुस्तिकेचे नाव 'द अंडरवर्ल्ड अँड विल्डरनेस अॅडव्हेंचर्स' असे आहे. या नावातच खेळाच्या जगाची फाळणी झालेली दिसते : एकीकडे पाताळ, दुसरीकडे रान. रानात अंतरे मोठी, म्हणून घोडा आवश्यक. पाताळात प्रत्येक फूट मोजायचा, म्हणून घोडा अडचणीचा. युद्धखेळाचे भूमिकाखेळात रूपांतर होताना सेनापतीचा पायी चालणारा शोधक झाला आणि मैदानाची जागा चौकटींच्या कागदावर आखलेल्या बोळांनी घेतली. हे रूपांतर म्हणजे एका अर्थाने खेळाडूचे घोड्यावरून पायउतार होणे होते. घोडा भुयाराबाहेर राहिला याचे पहिले कारण असे खेळाच्या जन्मातच आहे.

५. मोरियाच्या दाराशी

साहित्यिक परंपरेतही या प्रसंगाचे ठळक पूर्वरूप सापडते. १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये गायगॅक्स याने प्रेरणादायी ग्रंथांची जी यादी दिली आहे, तीत जे. आर. आर. टॉल्किनचे नाव आहे. टॉल्किनच्या 'द हॉबिट' (१९३७) या कादंबरीत प्रवासी वादळापासून आसरा घेण्यासाठी आपली तट्टे गुहेत घेऊन जातात. रात्री गुहेच्या मागील भिंतीला भेग पडते, गॉब्लिन तट्टे पळवतात आणि ती पुन्हा मिळत नाहीत. जनावरांना आत नेण्याचे धोके येथे आधीच नोंदले गेले आहेत.

'द फेलोशिप ऑफ द रिंग' (१९५४) मधील प्रसंग अधिक गुंतागुंतीचा आहे. ब्री गावात बिल फर्नी या दुष्ट माणसाकडून बारा चांदीच्या नाण्यांना एक खंगलेले तट्टू विकत घेतले जाते. ही किंमत त्याच्या खऱ्या मोलाच्या निदान तिप्पट असते. सॅम त्या तट्टाची निगा राखतो आणि ते 'बिल' याच नावाने ओळखले जाऊ लागते. पुढे मोरियाच्या खाणींच्या दाराशी गँडाल्फ स्पष्ट करतो की तट्टाला आत नेता येणार नाही. सॅमचा जीव तुटतो, तो विरोध करतो. गँडाल्फ तट्टाला रक्षणाचे आणि मार्गदर्शनाचे शब्द देतो. तेवढ्यात तळ्यातील राक्षसी प्राण्याचा हल्ला होतो आणि बिल रानात पळून जाते.

या प्रसंगात तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, तट्टू मागे ठेवण्याचा निर्णय कोणीही सहज घेत नाही. त्यावर बोलणे होते आणि कोणाला तरी दुःख होते. दुसरी, जो निर्णय घेतो तोच त्या जनावराच्या रक्षणासाठी आपल्या परीने काही करतो. तिसरी, लेखक त्या तट्टाला विसरत नाही. 'द रिटर्न ऑफ द किंग' (१९५५) मध्ये परतीच्या वाटेवर सॅमला कळते की बिल आपल्या आपण ब्रीला परतले आहे. महायुद्ध संपून राज्ये बदलल्यानंतरही कथेने एका तट्टाचा हिशेब पूर्ण केला. भूमिकाखेळांनी टॉल्किनकडून बुटके, कल्पलोकातील वंश आणि भूमिगत नगरे घेतली. हा हिशेब मात्र त्यांनी फारसा घेतला नाही.

६. नियमांतील जनावर : किंमत, जागा आणि स्वभाव

खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीची (२०००) सुधारित संहिता २००३ मध्ये आली. ती सर्वसाधारणपणे ३.५ आवृत्ती म्हणून ओळखली जाते. या आवृत्तीत स्वारीच्या जनावरांचे नियम सर्वाधिक तपशीलवार असल्याने तिचा येथे विस्ताराने विचार करणे उचित ठरेल.

या पुस्तकात जनावरे साधनसामग्रीच्या यादीत येतात. गाढव किंवा खेचर ८ सुवर्णमुद्रा, तट्टू ३०, हलका घोडा ७५, स्वारीचा कुत्रा १५०, युद्धासाठी तयार केलेला जड घोडा ४००. याच पुस्तकात लांब तलवारीची किंमत १५ सुवर्णमुद्रा आहे. म्हणजे तलवारीच्या किमतीत जवळजवळ दोन खेचरे येतात. दोर, मशाली, पोती यांच्या शेजारी जनावराची नोंद झाली की त्याला मागे टाकणे हे पोते मागे टाकण्याइतकेच सोपे होते.

तरीही याच यादीच्या वर्णनात नियमकर्त्यांना जनावराच्या स्वभावाचे भान आहे. घोड्याच्या तुलनेत गाढव आणि खेचर भुयारांत व अशाच भयप्रद जागी जाण्यास तयार असतात, मात्र उत्सुक नसतात, असे तेथे नोंदवले आहे. संपूर्ण प्रश्नाबाबतचे हे सर्वांत प्रामाणिक विधान म्हणावे लागेल. त्यात जनावराला इच्छा आहे, अनिच्छा आहे आणि ती अनिच्छा दडपून माणसाबरोबर जाण्याची सहनशीलताही आहे. युद्धाचे शिक्षण नसलेला घोडा लढाईत बुजतो आणि स्वाराला प्रत्येक फेरीत त्याला आवरण्यासाठी फाशांची परीक्षा द्यावी लागते, हा नियमही असाच भान ठेवणारा आहे.

वास्तवातील दाखलाही या वर्णनाला दुजोरा देतो. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत १९१३ च्या सुमारास सुमारे ७०,००० घोडे व तट्टे जमिनीखाली राबत होती, असे सांगितले जाते. त्यांतील अनेकांचे तबेलेही खाणीतच होते. म्हणजे घोडा जमिनीखाली जाऊच शकत नाही, हे खरे नाही. त्याला शिकवावे लागते, त्याच्यासाठी वाट रुंद ठेवावी लागते आणि त्याच्या चंदी-वैरणीची, पाण्याची, देखभालीची जबाबदारी कोणाला तरी घ्यावी लागते. अडचण घोड्याच्या क्षमतेपेक्षा माणसाच्या तयारीची अधिक आहे.

जागेचा नियम या दृष्टीने उद्बोधक आहे. २००० च्या संहितेत घोड्याने व्यापलेली जागा ५ फूट रुंद आणि १० फूट लांब मानली होती. २००३ मध्ये लढाईचे गणित सुलभ करण्यासाठी ती १० फूट बाय १० फूट अशी चौकोनी केली गेली. कोणताही घोडा दहा फूट रुंद नसतो. परंतु या एका बदलाने पाच फुटी बोळात सरळ जाऊ शकणारा घोडा अचानक त्यात मावेनासा झाला. अंग चोरून जाण्याची सोय नियमांत आहे. पण मग प्रत्येक चौकटीला दुप्पट चाल मोजावी लागते आणि हल्ला व बचाव दोन्हींत ४ गुणांची घट होते. भुयाराच्या भिंती होत्या तेथेच राहिल्या. घोडा मात्र कागदावर फुगला.

याच संहितेत आणखी एक विसंगती दिसते. घोड्याला मंद प्रकाशात माणसापेक्षा दूरचे दिसते आणि वासावरून धोका ओळखण्याची शक्तीही त्याला दिली आहे. मशाल घेऊन चाचपडणाऱ्या माणसाला हे दोन्ही गुण हवेच असतात. तरीही मशालवाला आत जातो आणि वास ओळखणारा बाहेर राहतो. नियमांनी घोड्याला वेग आणि भारवहनक्षमता या दोन मापांनीच मोजले. सोबती म्हणून त्याचा उपयोग काय, याचा विचार त्या गुणांच्या नोंदीपलीकडे गेला नाही.

७. लहान स्वार, लहान जनावर

या अडचणीवरचा एक उपाय स्वाराचे आकारमान बदलण्याचा आहे. हाफलिंग आणि नोम हे लहान चणीचे वंश मध्यम आकाराच्या जनावरावर स्वार होऊ शकतात. स्वारीचा कुत्रा माणसाइतकीच जागा व्यापतो. म्हणून जेथे माणूस जातो तेथे कुत्र्यावर बसलेला हाफलिंगही जातो. त्याच्या पाठीवरून पडल्यास इजा होत नाही, अशी खास सवलतही ३.५ संहितेत आहे.

हा उपाय हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. शौर्याच्या परंपरागत चित्रात उंच घोडा आणि उंच भाला असतो. कुत्र्यावरचा स्वार त्या चित्रात बसत नाही. परंतु भुयारात भालाईत स्वाराचे सर्व कौशल्य वापरू शकणारा बहुधा तोच एकटा असतो. शिवाय हा एकमेव उपाय असा आहे की ज्यात जनावराचे अस्तित्व कमी होत नाही. कुत्र्याला खायला घालावे लागते, तो जखमी होतो, तो भितो आणि तो मरतो. नियमांनी गमतीने दिलेली ही वाट प्रश्नाचे सर्वांत गंभीर उत्तर ठरते.

८. धर्मयोद्ध्याचा अश्व : दहा वर्षांपासून एका कृतीपर्यंत

पॅलाडिन म्हणजे धर्मयोद्धा. त्याचा अश्व हा या चर्चेचा गाभा आहे. हा घोडा बाजारात विकत घेतलेला नसतो. तो त्याच्या व्रताचे फळ असतो. म्हणून भुयाराच्या तोंडाशी सर्वांत मोठी कुचंबणा याच पात्राची होते. आवृत्तीमागून आवृत्तीत या घोड्याचे नियम कसे बदलत गेले, हे पाहिल्यास एक स्पष्ट दिशा दिसते.

पहिल्या 'अॅडव्हान्स्ड' आवृत्तीत (१९७८) धर्मयोद्धा चौथ्या पातळीवर अश्वाला साद घालू शकतो. १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकानुसार त्याला तो अश्व कोठे आहे याचे केवळ दर्शन घडते. तेथवर प्रवास करून त्याला मिळवावे लागते. दहा वर्षांत असा एकच अश्व मिळतो. तो गमावला तर ती मुदत संपेपर्यंत दुसरा नाही. खेळातील दहा वर्षे म्हणजे व्यवहारात बहुधा कायमचा वियोग. असा अश्व भुयारात नेणे हे मोठे धाडस आणि बाहेर ठेवणेही तेवढेच मोठे धाडस.

२००० च्या आवृत्तीत ही मुदत एक वर्ष आणि एक दिवस अशी झाली. २००३ मध्ये ती तीस दिवसांवर, किंवा पुढील पातळी गाठेपर्यंत, आली. या काळात धर्मयोद्ध्याच्या हल्ल्यात आणि प्रहारात १ गुणाची घट होते. ही घट सुतकासारखी आहे आणि शोकाची पुसटशी का होईना खूण नियमात शिल्लक ठेवते. याच आवृत्तीत आणखी मूलभूत बदल झाला. अश्वाचे वास्तव्य स्वर्गीय लोकात मानले गेले. धर्मयोद्ध्याने दिवसातून एकदा त्याला बोलवावे, प्रत्येक पातळीमागे दोन तास तो राहावा आणि मग परत जावा. पाचव्या आवृत्तीत (२०१४) अश्व हा एक मंत्र झाला. तो म्हणायला दहा मिनिटे लागतात. अश्व मारला गेला तर नाहीसा होतो आणि मंत्र पुन्हा म्हटल्यावर तोच अश्व सर्व शक्तींसह परततो. २०२४ च्या सुधारित पुस्तकात तर हा मंत्र एका कृतीत पूर्ण होतो.

दहा वर्षे, एक वर्ष व एक दिवस, तीस दिवस, दहा मिनिटे, एक कृती : हा क्रम सोयीचा इतिहास आहे तसाच तो शोक आखडत गेल्याचाही इतिहास आहे. मराठ्यांच्या घोडदळाच्या परिभाषेत या बदलाचे नेमके वर्णन करता येते. स्वतःच्या घोड्यानिशी चाकरी करणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. १९७८ चा धर्मयोद्धा शिलेदार होता. घोडा त्याचा, म्हणून चिंताही त्याची आणि हानीही त्याची. २००३ नंतरचा धर्मयोद्धा स्वर्गाच्या पागेतला बारगीर झाला. गरज लागली की घोडा येतो, काम झाले की परत जातो. त्याच्या दाण्यापाण्याची विचारपूस करण्याचे कारण उरत नाही. भुयाराच्या तोंडाशी उभा राहणारा प्रश्न या रचनेत सुटत नाही. तो उद्भवतच नाही.

९. संगणकीय खेळांतील स्थिती

संगणकीय खेळांत हीच दिशा टोकाला गेलेली दिसते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) या खेळात आरंभी चाळिसाव्या पातळीवर स्वारीचे जनावर मिळे आणि ते खेळाडूच्या पिशवीतील एका वस्तूच्या रूपात असे. २००८ मध्ये त्या वस्तूचे रूपांतर शिकलेल्या विद्येत झाले. छताखालच्या बहुतेक जागांत ही विद्या चालत नाही. भुयारात पाऊल टाकताच जनावर नाहीसे होते. ते कोठे जाते हे विचारण्याची सोय खेळात नाही.

याला अपवादही आहेत आणि ते बोलके आहेत. २००६ मध्ये याच खेळात आलेल्या अहन'किराज मंदिरात तेथेच मिळणाऱ्या विशिष्ट कीटकांवर स्वार होता येत असे. ते कीटक सर्वसाधारणपणे त्या मंदिराबाहेर चालत नसत. २००८ च्या 'द ऑक्युलस' या भुयारात खेळाडू तीन रंगांच्या ड्रेकांवरून उडत लढतात. म्हणजे रचनाकाराने मनात आणल्यास भुयारच जनावराच्या मापाचे बांधता येते. 'स्कायरिम' (२०११) मध्ये घोडा दाराबाहेर उभा राहतो. 'एल्डन रिंग' (२०२२) मधील टॉरेंट हा अश्व शिटी वाजवताच प्रकट होतो. समाधिस्थाने आणि गुहांत मात्र शिटी निरुपयोगी ठरते. टॉरेंट लढाईत मेला तर त्याला परत आणण्यासाठी खेळाडूला आपल्या औषधातील एक घोट खर्च करावा लागतो. एका घोटाची ही किंमत अल्प असली, तरी ती किंमत आहे. खेळाडूच्या प्राणरक्षणाच्या साठ्यातून ती जाते, हे नोंदवण्यासारखे आहे.

१०. आक्षेपांचा विचार

वरील प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की खेळ हा अखेर मनोरंजनासाठी आहे. चंदी-वैरणीचा हिशेब, पहारेकऱ्याची नेमणूक, मोतद्दाराचा पगार या गोष्टी म्हणजे निव्वळ खोगीरभरती. सहा जणांना आठवड्यातून तीन तास मिळत असतील तर ते घोड्यांवर का घालवावेत? हा आक्षेप रास्त आहे. परंतु जुन्या संहितांनी या कामासाठी पात्रेही पुरवली होती. १९७९ च्या पुस्तकातील भाडोत्री माणसांच्या यादीत मशाल धरणारा पोरगा आणि ओझ्याची जनावरे सांभाळणारा नोकर यांचा समावेश आहे. ही माणसे आली की भुयाराच्या तोंडाशी एक लहानसे बिऱ्हाड उभे राहते. आत गेलेल्यांना परत येण्यासाठी एक ठिकाण मिळते आणि बाहेरच्यांचे काय झाले असेल ही धास्तीही मिळते. ही धास्ती कथेची सामग्री आहे, ओझे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तिसऱ्या आवृत्तीत स्वारीच्या लढाईची कौशल्ये निवडणारा खेळाडू आपल्या मोजक्या निवडींपैकी दोन-तीन त्यांवर खर्च करतो. भाला रोखून वेगाने केलेल्या हल्ल्यात तिप्पट हानी करण्याचे कौशल्य मिळवायचे आणि मग मोहिमेचा बहुतेक काळ पायी काढायचा, हा त्या खेळाडूवर अन्याय आहे. बोलावताच येणाऱ्या अश्वाने त्याला न्याय मिळतो. हे मान्य केले पाहिजे. मात्र हा न्याय भुयाराच्या रचनेतूनही देता आला असता. रुंद चढण असलेली खाण, रथ जाऊ शकेल असे बुटक्यांचे नगर, घोडदळासाठी बांधलेले तळघरातील तबेले यांची कल्पना करणे सूत्रधाराला अवघड नाही. भिंती बदलण्याऐवजी घोडा बदलला गेला, कारण घोडा बदलणे सोपे होते. न्याय खेळाडूला मिळाला. त्याची किंमत जनावराने मोजली.

११. निष्कर्ष

१) घोड्याचे भुयाराबाहेर राहणे हे मैदानी युद्धखेळातून भूमिगत शोधखेळाकडे झालेल्या संक्रमणाचे फलित आहे.

२) जनावराला साधनसामग्रीच्या यादीत स्थान देऊन संहितांनी त्याला मागे टाकणे सोपे केले. तरीही खेचराच्या अनिच्छेसारख्या नोंदींतून त्याच्या सजीवत्वाचे भान अधूनमधून प्रकटते.

३) धर्मयोद्ध्याच्या अश्वाच्या बाबतीत वियोगाचा काळ दहा वर्षांवरून एका कृतीवर आला. सोय वाढली त्या प्रमाणात उत्तरदायित्व घटले.

४) लहान जनावरावरचा स्वार आणि जनावराच्या मापाचे भुयार हे दोन उपाय जनावराचे अस्तित्व कायम ठेवून अडचण दूर करतात. रचनाकारांनी त्यांचा अधिक गांभीर्याने विचार करणे इष्ट आहे.

भूमिकाखेळ खेळाडूला दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याची संधी देतो, असे त्याचे मोठेपण सांगितले जाते. ती संधी सर्वांत आधी भुयाराच्या तोंडाशी येते. आपल्या विश्वासावर येथवर आलेला, आत काय आहे हे न जाणणारा एक जीव तेथे उभा असतो. त्याला आत न्यावे की बाहेर ठेवावे, याचे एकच अचूक उत्तर नाही. सॅमलाही ते सापडले नव्हते. परंतु प्रश्न विचारला गेला, कोणाला तरी वाईट वाटले आणि परतताना त्या तट्टाची चौकशी झाली. नियमांनी घोडा अदृश्य केला म्हणून ही चौकशी थांबण्याचे कारण नाही. सूत्रधाराने खेळाडूंना परतीच्या वाटेवर एवढेच विचारले तरी पुरे आहे की झाडाला बांधलेल्या घोड्यांना पाणी कोणी दाखवले होते.